मूळ पातळीचा शोध : फुप्फुस प्रत्यारोपण, मूत्रपिंड आणि साक्री तालुका

फुप्फुस प्रत्यारोपणाचा इतिहास मूत्रपिंडाच्या इतिहासापासून कधीच वेगळा काढता आलेला नाही. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात, जॅक्सन येथील विद्यापीठ रुग्णालयात जेम्स हार्डी यांनी माणसावरील पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले, तेव्हा बसवलेले फुप्फुस श्वासाचे काम करू लागले होते. पण रुग्णाची मूत्रपिंडे आधीपासूनच आजारी होती आणि अठराव्या दिवशी तो दगावला तो ती निकामी झाल्यामुळे. पुढच्या वीस वर्षांत जगभर झालेले चाळीसच्या आसपास प्रयत्न दीर्घकाळ टिकले नाहीत. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी कॅनडातील टोरोंटो जनरल रुग्णालयात जोएल कूपर यांच्या पथकाने केलेले एका फुप्फुसाचे प्रत्यारोपण मात्र यशस्वी ठरले, रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला, आणि त्याच्याही मृत्यूचे कारण मूत्रपिंडे निकामी होणे हेच होते. पहिल्या रुग्णापासून पहिल्या यशस्वी रुग्णापर्यंत शल्यविद्येने मोठी मजल मारली, परंतु त्या दोन्ही माणसांचा शेवट ज्या अवयवाने ठरवला, त्या अवयवाचे काय होईल हे आधी ओळखण्याची विद्या फार मागून आली. तिचा इतिहास पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते : कोणतेही भाकीत हे रुग्णाच्या आजच्या स्थितीची त्याच्या पूर्वीच्या स्थितीशी केलेली तुलना असते, आणि ज्याची पूर्वीची स्थिती कोठे लिहिलेलीच नाही त्याच्याविषयी सांगण्यासारखे कोणत्याही यंत्राकडे फारसे काही उरत नाही.

छातीतील शस्त्रक्रियेचा फटका पाठीच्या कण्यालगत असलेल्या मूत्रपिंडांना का बसतो, हे येथे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. मूत्रपिंडे आकाराने लहान असली तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो, त्यामुळे रक्तदाब काही काळ जरी घसरला तरी त्यांच्या सूक्ष्म नलिकांतील पेशी आधी होरपळतात. फुप्फुस प्रत्यारोपणात असे प्रसंग टाळणे कठीण असते. रक्ताभिसरण आणि श्वसन अनेकदा काही तास यंत्रावर सोपवावे लागते, रक्त चढवावे लागते, आणि नव्या फुप्फुसात पाणी साचू नये म्हणून रुग्णाला शिरेतून द्यायचे द्रव मुद्दाम कमी ठेवावे लागतात. म्हणजे जो कोरडेपणा फुप्फुसाला मानवतो तोच मूत्रपिंडाला मारक ठरतो, आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना या दोन अवयवांच्या गरजांमधून वाट काढावी लागते. त्यात औषधांची भर पडते. परक्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळाले आणि त्याच्यामुळेच १९८० नंतरचे प्रत्यारोपणाचे युग शक्य झाले. परंतु १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय कॅल्न यांनी ते प्रथम रुग्णांवर वापरले तेव्हाच ते मूत्रपिंडाला अपाय करते हे दिसून आले होते. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतून १९८४ मध्ये मिळालेले टॅक्रोलिमस आज अधिक वापरात आहे, पण तेही मूत्रपिंडाकडे जाणारी सूक्ष्म रक्तवाहिनी आकुंचित करते. जंतुसंसर्गावरील काही प्रभावी औषधांचा भारही याच अवयवावर पडतो. या सर्वांचा परिणाम म्हणून फुप्फुस प्रत्यारोपणानंतर मूत्रपिंडाला कमी-अधिक इजा होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास भरते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे.

महाराष्ट्रात प्रत्यारोपणाच्या विद्येची सुरुवात मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात झाली. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात आणि त्याच्याशी संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी शल्यविद्येचे जे केंद्र उभे केले, तेथे मे १९६५ मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड दुसऱ्याच्या शरीरात बसवण्याचा भारतातील पहिला प्रयत्न झाला आणि तो रुग्ण अकराव्या दिवशी दगावला. फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे केपटाउन येथील पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर तीन महिन्यांच्या आत, सेन यांच्याच पथकाने हृदय प्रत्यारोपणही केले. तो रुग्ण काही तासच जगला. जिवंत दात्याकडून घेतलेल्या मूत्रपिंडाचे भारतातील पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. परळचे प्रयत्न अल्पायुषी ठरले म्हणून त्यांना अपयश म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल, कारण मूत्रपिंडविकारांचा स्वतंत्र विभाग, डायलिसिस म्हणजे यंत्राद्वारे रक्त शुद्ध करण्याची सोय आणि लघवी-रक्ताच्या तासागणिक नोंदी ठेवण्याची शिस्त अशाच रुग्णालयांत रुजली. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव घेण्यास कायदेशीर मान्यता मिळाली ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. पुढे मुंबई, पुणे, नागपूर आणि औरंगाबाद येथील विभागीय समन्वय केंद्रांमार्फत अवयवांचे वाटप होऊ लागले. फुप्फुस हा दात्याच्या शरीरात सर्वांत लवकर बिघडणारा अवयव असल्याने त्याची पाळी शेवटी आली, आणि मुंबईत फुप्फुस प्रत्यारोपणे सुरू झाली ती या शतकाच्या दुसऱ्या दशकात.

मूत्रपिंडाची इजा मोजायची कशी, हा प्रश्न यापेक्षा जुना आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावर सूज, लघवीतून जाणारी प्रथिने आणि शवविच्छेदनात दिसणारी आक्रसलेली मूत्रपिंडे यांचा संबंध दाखवून दिला. १८८६ मध्ये माक्स याफे यांनी क्रिएटिनिन आणि पिक्रिक आम्ल अल्कधर्मी द्रावणात एकत्र आले की नारिंगी-तांबडा रंग येतो हे नोंदवले, आणि आज तालुक्याच्या प्रयोगशाळेतही क्रिएटिनिन मोजताना बहुधा त्याच रंगाचा आधार घेतला जातो. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ असून मूत्रपिंडे तो गाळून बाहेर टाकतात. त्यांचे काम मंदावले की तो रक्तात साचतो. चांगल्या मूत्रपिंडांना अचानक होणाऱ्या इजेकडे जगाचे लक्ष वेधले ते १९४१ मध्ये, लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांविषयी बायवॉटर्स आणि बील यांनी लिहिलेल्या निबंधाने. तरीही ‘इजा’ केव्हा म्हणायचे यावर एकमत व्हायला २००४ उजाडले, आणि २०१२ मध्ये ठरलेली व्याख्या आज सर्वत्र चालते : क्रिएटिनिन ४८ तासांत दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे, किंवा सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट होणे, किंवा लघवी सलग सहा तास वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी राहणे. या व्याख्येतील ‘मूळ पातळी’ म्हणजे आजारापूर्वीचा आकडा. तो ठाऊक नसेल तर दीडपट कशाची, हे ठरत नाही. शिवाय क्रिएटिनिन हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे, कारण गाळण्याची क्षमता बरीच घटल्यावर एक-दोन दिवसांनी तो चढतो, आणि या दोन दिवसांची भरपाई करणे हाच भाकिताच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कान नदीकाठी असलेले साक्री आणि त्याचा तालुका यांच्या बाबतीत हा मूळ पातळीचा प्रश्न इतिहासाचाच भाग बनतो. १८८० च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये खानदेशचा जो खंड आहे, त्यात हा मुलूख पिंपळनेर उपविभाग म्हणून येतो आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा तापाचा म्हणून ओळखला जाई. हिवतापाचा एक प्रकार मूत्रपिंडांना तीव्र इजा करतो, हे वैद्यकाला ठाऊक झाले ते नंतर. त्या काळच्या सरकारी नोंदीत ‘ताप’ या एकाच रकान्यात अनेक प्रकारचे मृत्यू मिसळून गेले असणार. याच भागात शेतात काम करताना घोणस चावण्याचे प्रसंग घडतात, आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मूत्रपिंडे बंद पडणे हे ग्रामीण भारतातील तीव्र इजेचे एक ठळक कारण आहे. गॅस्ट्रो, बाळंतपणातील रक्तस्राव, वेळेवर न ओळखलेला जंतुसंसर्ग ही उरलेली कारणे. श्रीमंत देशांत मूत्रपिंडाची तीव्र इजा प्रामुख्याने अतिदक्षता विभागात, वयोवृद्धांना आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर होते. साक्रीसारख्या तालुक्यात ती तरण्याताठ्या माणसाला बांधावर होते, आणि तो दवाखान्यात पोचतो तेव्हा त्याच्या हातात पूर्वीचा एकही अहवाल नसतो.

याला केवळ रुग्णाचे अज्ञान कारणीभूत आहे असे मानणे चुकीचे ठरेल. भिल्ल, कोकणा, मावची अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती असलेल्या या तालुक्यातील अनेक कुटुंबे वर्षातील काही महिने कोंडाईबारीचा घाट उतरून दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. आजारपण तेथे निघाले तर केसपेपर तेथला, आणि गावी परतल्यावर उपचार नव्याने सुरू होतात. जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे सुमारे ५० किलोमीटरवरील धुळ्याचे, आणि तेथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले १९८९ मध्ये, म्हणजे परळच्या त्या पहिल्या प्रयत्नानंतर २४ वर्षांनी. डायलिसिससारखा महागडा उपचार गरिबाच्या आवाक्यात येण्याचा टप्पा मात्र या जिल्ह्याने तुलनेने लवकर गाठला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होता. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारी ही योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली. विमायोजनेचा एक अनपेक्षित परिणाम असा की, दाव्यासाठी कागदपत्रे लागतात म्हणून रुग्णाचे अहवाल जपले जाऊ लागले. योजनेचा हा गुण फारसा कोणी वाखाणत नाही, पण नोंदींच्या इतिहासात त्याची दखल घ्यायला हवी.

भाकिताची आधुनिक रीत हृदयाच्या शस्त्रक्रियेतून आली. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये ३३,२१७ रुग्णांच्या नोंदींवरून २००५ मध्ये एक गुणपद्धती प्रसिद्ध झाली, तीत स्त्री असणे, हृदयाची क्षीण ताकद, मधुमेह, फुप्फुसांचा जुनाट विकार, शस्त्रक्रियेपूर्वीचे क्रिएटिनिन अशा १३ बाबींना गुण देऊन शून्य ते १७ या मोजपट्टीवर डायलिसिसची शक्यता सांगितली जाई. अशी पद्धत कागद-पेन्सिलीने वापरता येते आणि तिचा प्रत्येक गुण का दिला हे डॉक्टरला दिसते. तिची मर्यादा ही की बाबींची केवळ बेरीज होते, त्यांचा एकमेकांवर होणारा परिणाम तीत बसत नाही. मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला नियम न सांगता जुन्या नोंदींवरून नियम शोधू देण्याची रीत, येथून पुढे कामाला येते. तिच्यातील ‘रँडम फॉरेस्ट’ ही २००१ मध्ये लिओ ब्राइमन यांनी मांडलेली पद्धत गावच्या पंचांसारखी चालते : शेकडो निर्णयवृक्ष रुग्णांच्या वेगवेगळ्या गटांवर आणि वेगवेगळ्या बाबींवर आपापले मत बनवतात आणि अखेरीस बहुमत घेतले जाते. २०१६ नंतर लोकप्रिय झालेल्या ‘एक्सजीबूस्ट’ या पद्धतीत प्रत्येक नवा वृक्ष आधीच्या वृक्षांच्या चुका भरून काढण्यासाठी उभारला जातो. फुप्फुस प्रत्यारोपणासाठी अशी पद्धत वापरायची तर शस्त्रक्रियेपूर्वीचे क्रिएटिनिन, एक फुप्फुस की दोन, यंत्रावर काढलेला वेळ, चढवलेले रक्त, सर्वांत कमी नोंदलेला रक्तदाब, टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी अशा नोंदी तिच्यापुढे ठेवल्या जातात. प्रत्येक बाबीने निकाल किती ढकलला हे दाखवणारी गणिती रीतही २०१७ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे यंत्राचे उत्तर पूर्वीइतके अपारदर्शक राहिलेले नाही.

या वाटेवरील सर्वांत गाजलेला प्रयोग २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ७,०३,७८२ रुग्णांच्या नोंदींवर यंत्राला शिकवले आणि रुग्णालयात दाखल असताना होणाऱ्या इजेपैकी ५५.८ टक्के घटना ४८ तासांपर्यंत आधी ओळखता आल्या. ज्यांना पुढे डायलिसिस लागले त्यांच्या बाबतीत हे प्रमाण ९०.२ टक्के होते. प्रत्येक खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे इशारे येत होते, हेही त्याच लेखात प्रामाणिकपणे नोंदले आहे. त्या रुग्णांत स्त्रिया मात्र साडेसहा टक्क्यांहूनही कमी होत्या. २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी तसेच यंत्र सर्वसाधारण रुग्णांवर तपासले, तेव्हा माजी सैनिकांच्या नोंदींवर शिकलेले यंत्र स्त्रियांच्या बाबतीत कमी पडते हे दिसून आले. या त्रुटीला एक जुना पूर्वज आहे. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची क्षमता काढण्यासाठी औषधांचा डोस ठरवताना अजूनही वापरले जाणारे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे १९७६ चे सूत्र माँट्रियल येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील २४९ रुग्णांवरून तयार झाले, आणि ते जवळपास सर्व पुरुष होते. त्रेचाळीस वर्षांत आकडा अडीचशेवरून सात लाखांवर गेला, गणित कितीतरी पुढे गेले, पण नोंद कोणाची झाली या प्रश्नाचे उत्तर फारसे बदलले नाही.

फुप्फुस प्रत्यारोपणाच्या बाबतीत अडचण अधिक गहिरी आहे, कारण येथे रुग्णच थोडे असतात. अमेरिकेत वर्षाला तीन हजारांच्या आसपास, तर भारतात अलीकडच्या वर्षांत दोनशेच्या आसपास फुप्फुस प्रत्यारोपणे होतात. शंभर-दोनशे रुग्णांच्या नोंदींवर ताकदवान यंत्र शिकवले तर ते नियम शिकण्याऐवजी ते रुग्णच पाठ करते आणि नव्या रुग्णापुढे गोंधळते. म्हणून एका रुग्णालयात शिकलेले यंत्र दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदींवर तपासल्याशिवाय त्याच्या यशाचा आकडा स्वीकारू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम मानला पाहिजे. दुसरी अडचण शरीराची आहे. वर्षानुवर्षे दम लागलेला रुग्ण प्रत्यारोपणाच्या यादीत येईपर्यंत खंगलेला असतो, त्याचे स्नायू आटलेले असतात, आणि स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमी दिसते. कागदावर निरोगी वाटणारे मूत्रपिंड प्रत्यक्षात अर्धेच काम करत असण्याची शक्यता अशा रुग्णात राहते. शेतमजुरी आणि ऊसतोडीवर जगणाऱ्या, मुळातच कृश माणसात हा फसवेपणा आजारापूर्वीपासूनच हजर असतो.

साक्रीच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे, तो सिकलसेलचा. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकण्याचा हा आनुवंशिक आजार विदर्भाप्रमाणेच सातपुडा आणि सह्याद्रीच्या या पट्ट्यातील आदिवासी समाजांत आढळतो. तो फुप्फुसांवर आघात करतो आणि मूत्रपिंडांवरही. लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडांची क्षमता लहानपणीच घटते, सुरुवातीच्या काळात गाळण्याचा वेग उलट वाढलेला असतो आणि नलिकांतून क्रिएटिनिन जास्त बाहेर फेकले जाते, त्यामुळे रक्तातील आकडा इतर माणसांच्या ‘सामान्य’ मर्यादेच्या बराच खाली राहतो. अशा रुग्णाचे क्रिएटिनिन ०.४ वरून ०.८ वर गेले तर प्रयोगशाळेच्या छापील कागदावर ते सामान्यच दिसेल, प्रत्यक्षात तो आकडा मूळ पातळीच्या दुप्पट झालेला असेल, आणि माजी सैनिकांच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राला असा रुग्ण क्वचितच भेटला असेल. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. पण त्या तपासणीसाठी बोटातून घेतलेल्या थेंबात क्रिएटिनिन मोजले जात नाही. ते मोजायचे तर बाधित ठरलेल्या माणसाचे रक्त वेगळे काढावे लागते.

तशी सोय आता गावापासून फार दूर राहिलेली नाही. २०१७ पासून महाराष्ट्रातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून ‘महालॅब’ या सरकार-पुरस्कृत प्रयोगशाळा-साखळीत मोफत तपासले जातात, त्या तपासण्यांत क्रिएटिनिन येते आणि प्रत्येक अहवालावर तारीख असते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य मोहिमेत प्रत्येक नागरिकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळण्याची व्यवस्था आहे. सिकलसेलचे कार्ड, महालॅबचा अहवाल आणि विमायोजनेचा कागद या तीन नोंदी त्या एका क्रमांकाखाली एकत्र आल्या, त्या ठेवण्यास रुग्णाची संमती त्याच्या स्वतःच्या भाषेत समजावून घेतली गेली, आणि बाधित व्यक्तीचे क्रिएटिनिन ती निरोगी असताना वर्षातून एकदा मोजले गेले, तर कोंडाईबारीच्या पायथ्याशी राहणारा माणूस उद्या सर्पदंशाने धुळ्याच्या रुग्णालयात आला किंवा फुप्फुसाच्या आजाराने मुंबईच्या प्रत्यारोपण-यादीवर पोचला, तरी त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याची मूळ पातळी अंदाजाने गृहीत धरावी लागणार नाही.